इंजेक्टर गाडीत आला कुठून?

जुनी पेट्रोल गाडी सिग्नलला उभी असताना थरथरायला लागली, की गॅरेजमध्ये पहिलं निदान ठरलेलं: "मिसिंग आहे." म्हणजे चार सिलिंडरपैकी एखादा नीट पेटत नाही. प्लग बदलूनही फरक पडला नाही, तर संशय इंजेक्टरवर जातो. आमच्या घरच्या 2004च्या गाडीचं हेच झालं आणि एका वर्कशॉपने चारही इंजेक्टर नवीन टाकायचं एस्टिमेट हातात ठेवलं. मी सॉफ्टवेअरवाला. जुना कोड काढून टाकण्याआधी तो तिथे का लिहिला गेला, हे बघायची सवय. तेच इथेही केलं.

आपल्या वडिलांच्या पिढीने चालवलेल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंजेक्टर नव्हता. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत कार्बुरेटर असायचा. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते आणि जाताना पेट्रोलही ओढून नेते. किती पेट्रोल जाणार, हे जेटच्या बारीक भोकावर आणि एका स्क्रूवर ठरायचं. मिस्त्री कान देऊन तो स्क्रू थोडाथोडा फिरवायचा आणि आवाज एकसारखा झाला की थांबायचा. मोठं कसब होतं ते. पण हिवाळ्यातली पहाट आणि भर दुपारची कसारा घाटाची चढण, या दोन्हींना अचूक बसेल असं एकच ट्यूनिंग कोणालाच जमणार नव्हतं.

डिझेलचं जग आधीपासून वेगळं होतं. डिझेल इंजिनात कार्बुरेटर नसतोच, तिथे इंधन प्रचंड दाबाने फवारावं लागतं. जर्मनीत बॉश कंपनीने 1927मध्ये डिझेलच्या इंजेक्शन पंपांचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. 1951मध्ये बंगळूरला मायको स्थापन झाली आणि पुढे तिचा कारखाना नाशिकच्या सातपूरलाही आला. 2008मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, तरी नाशिकमध्ये 'मायको सर्कल' हे नाव टिकून आहे. ट्रक, बस आणि ट्रॅक्टरमुळे नोझल खोलून, तपासून, परत बसवणारे कारागीर शहरोशहरी तयार झाले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेट्रोल गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर आला तो धुरामुळे. कॅलिफोर्नियातल्या प्रदूषणाने अमेरिकेत नियम कडक होत होते. 1967मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक यंत्रणा फोक्सवॅगन 1600मध्ये बसवली गेली. तिच्यात सॉफ्टवेअर नव्हतं, नुसतं ट्रान्झिस्टरचं सर्किट होतं. 1979च्या मोट्रॉनिकमध्ये डिजिटल कंट्रोलर आला आणि पेट्रोलचं माप हा कोडचा विषय झाला.

आपल्याकडेही कारण तेच. 1995मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. 29 एप्रिल 1999ला एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो 1 आणि युरो 2 नियमांच्या तारखा ठरवून दिल्या. 2000पासून देशभर युरो 1च्या तोडीचे नियम आले आणि 2001मध्ये मुंबईत त्यापुढचा टप्पा. आता गंमत बघा. तिन्ही प्रकारचे विषारी वायू एकाच वेळी साफ करणाऱ्या कन्व्हर्टरला एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, एवढं काटेकोर प्रमाण लागतं. स्क्रू फिरवून ते सतत सांभाळता येत नाही. त्यामुळे हवा शुद्ध ठेवायच्या आग्रहापुढे कार्बुरेटर टिकला नाही.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी बारीक झडप. मागे साधारण 3 बार दाबाचं पेट्रोल, पुढे सूक्ष्म छिद्रं. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला मिनिटात 400 फवारे लागतात आणि प्रत्येक फवारा काही मिलिसेकंदांचा. गाडी बंद केल्यावर इंजिनाच्या उष्णतेने टोकावरचं पेट्रोल सुकतं आणि चिकट थर साचतो. स्टेशनपर्यंत जाऊन-येऊन करणाऱ्या गाडीत हे जास्त होतं. फवाऱ्याची धार होते, धारेचे थेंब होतात.

शेवटी विठ्ठलवाडीतल्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या काकांचं अर्धं आयुष्य डिझेलच्या नोझलवर गेलेलं. "बदलायचं नंतर बघू, आधी मोजू दे," म्हणाले. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग चारही इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावले. खाली चार काचेच्या नळ्या. सारख्याच वेळात तिघांत थोडं कमी-जास्त पेट्रोल जमलं, चौथा बंद असतानाही गळत होता. अल्ट्रासोनिक टाकीत धुतल्यावर तिघांची पातळी एका रेषेत आली. चौथा गळतच राहिला. तेवढा एक बदलला, त्याच पार्ट नंबरचा, आणि ओ-रिंग मात्र चारही नव्या.

"एक गळतोय तर गळू दे, गाडी चालतेय ना?" असं वाटणाऱ्यांसाठी: ते जादा पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आतली जाळी तापून वितळू शकते. मग नवीन कन्व्हर्टरचं बिल भरा, नाहीतर ज्या धुरासाठी हा सगळा खटाटोप झाला तोच मागच्या रिक्षावाल्याच्या तोंडावर सोडत फिरा.

तुमची गाडी 15-20 वर्षांची असेल, तर फ्यूएल फिल्टर वेळेवर बदला, टाकी तळाला जाऊ देऊ नका, आठवड्यातून एकदा तरी लांबची फेरी मारा. आणि कोणी चारही इंजेक्टर बदला म्हणालं, तर आधी त्या चार काचेच्या नळ्या बघायला मागा.