धोत्र्याच्या परागकणापासून पिकांच्या शुद्ध वाणापर्यंत : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वनस्पती ऊतिसंवर्धनाचा इतिहास शिकविताना १९६४ हे वर्ष आणि शिप्रा गुहा व सतीशचंद्र महेश्वरी ही नावे आवर्जून सांगितली जातात. तथापि हा शोध एका वर्षात व एका प्रयोगात पूर्ण झालेला नाही. निरीक्षण, पुरावा व उपयोजन हे त्याचे तीन स्वतंत्र टप्पे होत. त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका :
धोत्रा ही विषारी, परंतु औषधी वनस्पती. आनुवंशिकीच्या अभ्यासातही तिचे स्थान जुने आहे. १९२२ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट ब्लेक्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याच्या एका एकगुणित झाडाची नोंद केली. त्यात नेहमीच्या २४ ऐवजी १२ च गुणसूत्रे होती. अशी झाडे क्वचितच मिळत व बहुधा वंध्य असत. १९३७ मध्ये ब्लेक्सली व एव्हरी यांनी कोल्चिसिनच्या साहाय्याने गुणसूत्रसंख्या दुप्पट करता येते, हे दाखविले. आपल्याकडील कळलावीतही असणारे हे द्रव्य पुढे वनस्पतिप्रजननाचे महत्त्वाचे साधन ठरले.

निरीक्षण आणि पुरावा :
पंचानन महेश्वरी यांच्या नेतृत्वाखाली दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात भ्रूणविज्ञानाची भक्कम परंपरा निर्माण झाली होती. तेथे गुहा व महेश्वरी यांनी डॅटुरा इनॉक्सिया या जातीचे परागकोश पोषक माध्यमात वाढविले. अर्धसूत्री विभाजनाचा अभ्यास हा त्यांचा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात मात्र परागकोशातून भ्रूणसदृश रचना बाहेर आल्या. १९६४ मध्ये ‘नेचर’मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले.

मात्र हे भ्रूण परागकोशाच्या भित्तिकेतून आले की परागकणांतून, हा कळीचा प्रश्न होता. भित्तिकेच्या पेशी द्विगुणित असतात. त्यांच्यापासून मातृवनस्पतीसारखीच रोपे मिळाली असती. परागकण मात्र एकगुणित असतो. भ्रूणांचा उगम परागकणांतच असल्याचे १९६६ च्या निबंधात सिद्ध झाले आणि मूळ निरीक्षणाचे महत्त्व खऱ्या अर्थाने स्पष्ट झाले.

उपयोजन :
यानंतर फ्रान्समध्ये बूर्जां व निच यांनी १९६७ मध्ये तंबाखूची, तर जपानमध्ये निइझेकी व ओओनो यांनी १९६८ मध्ये भाताची एकगुणित रोपे मिळविली. संकरानंतर स्वपरागणाने शुद्ध वंशक्रम मिळविण्यास साधारणतः सहा ते आठ पिढ्या लागतात. एकगुणित रोपाची गुणसूत्रे दुप्पट केल्यास तेच कार्य एका पिढीत साधते. चीनमधील ‘जिंगहुआ-१’ व फ्रान्समधील ‘फ्लोरिन’ हे गव्हाचे वाण १९८० च्या दशकात याच मार्गाने तयार झाले. अर्थात या पद्धतीस मर्यादाही आहेत. तृणधान्यांत हरितद्रव्यहीन पांढरी रोपे मोठ्या प्रमाणावर निघतात आणि अनेक वाण संवर्धनास प्रतिसादच देत नाहीत.

समारोप :
दिल्लीतील प्रयोग पीकसुधारणेसाठी योजलेला नव्हता, तरीही पीकसुधारणेस त्याने नवी दिशा दिली. अनपेक्षित परिणाम बाजूला न सारता त्याचे मूळ शोधण्याची चिकाटी हे त्याचे कारण होय. पाठ्यपुस्तकातील एका ओळीत ही दोन वर्षांची चिकाटी दिसत नाही. म्हणून वर्गात १९६४ या सनासोबत ‘हे भ्रूण आले कोठून?’ हा प्रश्नही विद्यार्थ्यांसमोर ठेवला जावा, असे वाटते.