सीलकोटिंग आणि पट्टेआखणी

सीलकोटिंग म्हणजे डांबरी पृष्ठभागावर पातळ, काळा संरक्षक लेप चढविण्याची क्रिया. तर पट्टेआखणी म्हणजे अशा पृष्ठभागावर वाहने उभी करण्याच्या जागा, बाण, पादचारी मार्ग व इतर खुणा रंगविण्याची क्रिया. उत्तर अमेरिकेत वाहनतळ, शाळा-रुग्णालयांची आवारे आणि घरांसमोरील खासगी वाहनमार्ग (ड्राइव्ह-वे) यांच्या देखभालीत ही कामे नित्याची आहेत. वाहनतळांवर ती एकापाठोपाठ एक आणि पुष्कळदा एकाच कंत्राटदाराकडून करून घेतली जातात, कारण लेप चढविला की जुने पट्टे झाकले जातात व ते नव्याने आखणे भाग पडते. सार्वजनिक महामार्गांवर हा लेप सहसा वापरत नाहीत. त्याने पृष्ठभाग गुळगुळीत होऊन वेगवान वाहनांच्या चाकांची पकड कमी होण्याचा धोका असतो.

लेप कोणत्या पदार्थापासून बनविला आहे, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. खनिज तेलापासून मिळणारे बिटुमेन आणि दगडी कोळशापासून मिळणारे कोल टार हे दोन्ही पदार्थ दिसायला सारखेच काळे असले, तरी त्यांच्या विषारीपणात प्रचंड अंतर आहे.

'डांबर' या शब्दाविषयी

मराठीत 'डांबर' हा एकच शब्द या दोन्ही पदार्थांसाठी वापरला जातो. दगडी कोळसा हवाबंद भट्टीत तापवून कोक तयार करताना जो काळा, चिकट द्रव मिळतो, तो कोल टार. त्याचे ऊर्ध्वपातन केल्यावर मागे उरणारा घट्ट पदार्थ म्हणजे कोल टार पिच. याउलट खनिज तेलाच्या शुद्धीकरणात हलके घटक निघून गेल्यावर तळाशी राहणारा पदार्थ म्हणजे बिटुमेन. अमेरिकेत त्यालाच ॲस्फाल्ट म्हणतात. आज 'डांबरी' म्हणून ओळखले जाणारे रस्ते जवळजवळ सर्वत्र बिटुमेनचे असतात. शब्दाच्या पहिल्या अर्थाची खूण मात्र कपड्यांच्या कपाटात सापडते. डांबरगोळ्या ज्या नॅप्थॅलिनपासून बनतात, तो पदार्थ प्रथम कोल टारमधूनच वेगळा केला गेला.

भारतीय मानकांमध्ये हा फरक स्पष्ट आहे. रस्त्यांसाठीच्या बिटुमेनचे मानक आयएस ७३ असून रस्त्यांसाठीच्या टारचे मानक आयएस २१५ हे स्वतंत्र आहे. संदिग्धता टाळण्यासाठी या लेखात पुढे 'बिटुमेन' व 'कोल टार' हेच शब्द वापरले आहेत.

डांबरी पृष्ठभाग कसा जीर्ण होतो

डांबरी मिश्रणात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी, वाळू व भुकटी असते आणि उरलेले सुमारे ५ टक्के बिटुमेन. हे थोडेसे बिटुमेनच सर्व दगडांना एकत्र धरून ठेवते. हवेतील ऑक्सिजन, सूर्याची उष्णता व जंबुपार किरण यांमुळे वरच्या थरातील बिटुमेनचे ऑक्सिडीकरण होते, त्यातील हलके घटक उडून जातात आणि ते कडक व ठिसूळ बनते. काळा रंग जाऊन पृष्ठभाग करडा दिसू लागतो, बारीक कण सुटतात, मग खडी उघडी पडते आणि केसांसारख्या भेगा दिसतात.

येथून पुढचे नुकसान मुख्यतः पाण्यामुळे होते. भेगांतून झिरपलेले पाणी खडीचा पाया व त्याखालची माती मऊ करते. आधार गेलेला वरचा थर वाहनांच्या भाराखाली वाकतो व मगरीच्या पाठीसारखा जाळीदार फुटतो. थंड प्रदेशांत भेगांतील पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि प्रत्येक हिवाळ्यात भेग थोडी अधिक रुंदावते. वाहनतळांवर आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे गाड्यांतून ठिबकणारे तेल व पेट्रोल. बिटुमेन हे मूळचे खनिज तेलाचेच अपत्य असल्याने ते या द्रवांत विरघळते आणि उभ्या गाड्यांखाली मऊ, काळपट डाग पडतात.

पृष्ठभागाची अवस्था मोजण्यासाठी शून्य ते शंभर असा निर्देशांक वापरतात; तो अमेरिकी सैन्याच्या अभियंता विभागाने विकसित केला. निर्देशांक बराच वर असतानाच स्वस्त उपाय करावेत, तो एकदा घसरला की पुनर्बांधणीचा खर्च कितीतरी पट वाढतो, हे प्रतिबंधक देखभालीमागील तर्कशास्त्र आहे. मात्र सीलकोट हा भार पेलणारा थर नव्हे. जाळीदार भेगा, खचलेला पाया किंवा पाण्याचा निचरा न होणारा उतार यांपैकी कशावरही तो उपाय ठरत नाही. जीर्ण वाहनतळावर काळा लेप फासल्यास तो काही महिने नवा दिसतो, एवढेच.

लेपाचे घटक आणि काम

सीलकोट हे एक पायस असते. पाण्यात बिटुमेनचे किंवा कोल टार पिचचे सूक्ष्म कण चिकणमातीच्या साहाय्याने तरंगत ठेवलेले असतात. कामाच्या ठिकाणी त्यात आणखी पाणी आणि बारीक, कोरडी वाळू मिसळतात. वाळूमुळे लेपाला खरखरीतपणा व झिजेला तोंड देण्याची ताकद येते. पाणी उडून गेले की कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो.

प्रत्यक्ष कामात लेपापेक्षा पूर्वतयारीला अधिक वेळ लागतो. पृष्ठभाग झाडून व हवेच्या झोताने स्वच्छ करतात, भेगांतील गवत व माती काढतात आणि रबरमिश्रित बिटुमेन तापवून भेगांत ओततात. पाणी आत जाण्याची खरी वाट भेगांतून असल्याने हे काम लेपाइतकेच, किंबहुना अधिक मोलाचे आहे. तेलाच्या डागांवर वेगळे अस्तर द्यावे लागते, अन्यथा तेथे लेप धरत नाही. त्यानंतर रबरी पट्टी लावलेल्या दांड्याने किंवा फवारणी यंत्राने, एका जाड थराऐवजी दोन पातळ थर देतात. जाड थर वरून सुकतो, आतून ओला राहतो व पुढे सोलून निघतो.

हवामान अनुकूल नसेल तर काम वाया जाते. तापमान साधारणपणे १० अंश सेल्सिअसच्या वर असावे आणि रात्री फार उतरू नये, पावसाची शक्यता नसावी, हवा दमट नसावी. सुकण्यासाठी सहसा २४ तास वाहने बंद ठेवतात. सावलीतल्या भागाला अधिक वेळ लागतो. नुकत्याच टाकलेल्या डांबरीकरणावर लगेच लेप देत नाहीत. किती थांबावे याविषयी शिफारशी तीन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत वेगवेगळ्या आहेत. पुढे दर तीन-चार वर्षांनी लेप पुन्हा देण्याची प्रथा आहे. त्याहून वारंवार दिल्यास थरावर थर साचून लेपालाच भेगा पडतात.

वाहत्या रस्त्यांसाठी याच तत्त्वावरील अन्य उपचार आहेत. पातळ पायसाचा फवारा, बिटुमेनवर बारीक खडी पसरून केलेला थर, स्लरी सील आणि जर्मनीत विकसित झालेले मायक्रोसरफेसिंग हे त्यांतील प्रमुख होत. यांतील खडीमुळे चाकांची पकड टिकते किंवा सुधारते. केवळ पायसाच्या फवाऱ्याला हे लागू नाही.

कोल टारचा वाद

कोल टार पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. त्यामुळे पेट्रोल पंप, विमानतळांवरील विमाने उभी करण्याच्या जागा आणि पुढे सर्वसाधारण वाहनतळ यांवर कोल टारचा लेप लोकप्रिय झाला. अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांत, जेथे पोलाद उद्योगाच्या कोक भट्ट्या होत्या, तेथे कोल टारचे लेप प्रचलित झाले, तर पश्चिमेकडील राज्यांत बिटुमेनचे.

कोल टारच्या लेपात साधारण २० ते ३५ टक्के कोल टार पिच असते आणि पिचमध्ये बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने मोठ्या प्रमाणात असतात. यांतील बेंझोपायरीनसारखी काही संयुगे मानवात कर्करोग निर्माण करणारी म्हणून वर्गीकृत आहेत. कोल टार व कर्करोग यांचा संबंध नवा नाही. १९१५ मध्ये यामागिवा व इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांवर दीर्घकाळ कोल टार चोळून कर्करोग निर्माण करून दाखविला होता. रसायनामुळे कर्करोग होतो याचा तो प्रयोगशाळेतील पहिला ठोस पुरावा मानला जातो.

तरीही वाहनतळावरील लेपाकडे बराच काळ कोणाचे लक्ष गेले नाही. टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात ओढ्यांच्या गाळात या हायड्रोकार्बनांचे असाधारण प्रमाण आढळू लागले, तेव्हा त्याचा माग वाहनतळांपर्यंत पोहोचला. याच शहरातील बार्टन स्प्रिंग्ज या झऱ्यांत राहणारा सॅलॅमँडर १९९७ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत असल्याने पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न तेथे आधीच संवेदनशील होता. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील बार्बरा मालर, पीटर व्हॅन मीटर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोल टारचा लेप दिलेल्या वाहनतळांवरून वाहणाऱ्या पाण्यातील कणांत या संयुगांचे सरासरी प्रमाण लेप नसलेल्या वाहनतळांच्या सुमारे ६५ पट आढळले. लेप चाकांखाली झिजतो, त्याची भुकटी होते आणि पावसाबरोबर ती नाल्यात व चपलांबरोबर घरात जाते. २०१० मधील अभ्यासात, अशा वाहनतळांलगतच्या सदनिकांतील धुळीत या संयुगांचे प्रमाण लेप नसलेल्या वाहनतळांलगतच्या सदनिकांपेक्षा सुमारे २५ पट होते. जमिनीवर खेळणाऱ्या व हात तोंडात घालणाऱ्या लहान मुलांच्या दृष्टीने ही बाब विशेष गंभीर मानली गेली.

ऑस्टिनने २००५ मध्ये कोल टारच्या लेपावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला व ती १ जानेवारी २००६ पासून अमलात आली. अशी बंदी घालणारे ते अमेरिकेतील पहिले शहर होय. राज्यांपैकी वॉशिंग्टनने २०११ मध्ये प्रथम बंदी केली, त्यानंतर मिनेसोटाने. लेपाच्या उत्पादकांच्या संघटनेने सर्वेक्षण संस्थेच्या निष्कर्षांना वारंवार आव्हान दिले. वाहनांचा धूर व लाकडाचा धूर हीही या संयुगांची उगमस्थाने असल्याचे तिचे म्हणणे होते. ते चुकीचे नाही, पण त्याने ऑस्टिनमधील घटीचे स्पष्टीकरण मिळत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बंदीनंतर तेथील लेडी बर्ड लेक या जलाशयाच्या गाळातील प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले होते.

बिटुमेनच्या लेपात ही संयुगे मुळीच नसतात असे नव्हे. परंतु कोल टारच्या लेपात ती साधारणतः हजारपट असतात. सुकल्यावर दोन्ही लेप डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यामुळे ड्राइव्ह-वेला लेप देऊन घेणाऱ्या घरमालकाला, आणि त्यांत अमेरिकेतील अनेक मराठी कुटुंबेही येतात, डब्यावरील घटकांची यादी व सुरक्षा माहितीपत्रक वाचण्यावाचून दुसरा खात्रीचा मार्ग नसतो.

पट्टेआखणी

रस्त्याच्या मधोमध रेषा आखण्याचे श्रेय अनेकांना दिले जाते. मिशिगन राज्यातील वेन काउंटीच्या रस्ते आयोगाचे सदस्य एडवर्ड हाइन्स यांनी १९११ मध्ये ट्रेंटन येथील रिव्हर रोडवर अशी रेषा आखविली. गळक्या दुधाच्या गाडीने रस्त्यावर सोडलेली पांढरी रेघ पाहून त्यांना हे सुचले, अशी आख्यायिका आहे. कॅलिफोर्नियात डॉ. जून मॅकॅरोल यांनी १९१७ मध्ये, समोरून आलेल्या ट्रकमुळे आपली मोटार रस्त्याबाहेर गेल्यानंतर, इंडिओजवळ स्वतः रेषा रंगवून या पद्धतीचा पाठपुरावा केला. राज्याने ती १९२४ मध्ये स्वीकारली. विरुद्ध दिशांची वाहतूक विभागणारी रेषा पिवळी असावी, हा अमेरिकेतील नियम १९७१ च्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेने रूढ केला.

वाहनतळावर काम लहान असले तरी चुकीला जागा कमी असते. रंगीत भुकटी लावलेली दोरी ताणून व झटकून आधी खुणा करतात, मग ढकलगाडीसारख्या यंत्राने सुमारे १० सेंटिमीटर रुंद पट्टे ओढतात. बाण, अक्षरे व चिन्हे यांसाठी साचे वापरतात. बहुधा जलाधारित ॲक्रिलिक रंग वापरला जातो. लेप पुरता सुकण्यापूर्वी रंग दिल्यास खालचा काळेपणा वर येऊन पट्टे पिवळट होतात. मोठ्या रस्त्यांवर थर्मोप्लास्टिक रंग सुमारे २०० अंश सेल्सिअसला वितळवून लावतात व तो ओला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात. रात्री हे मणी दिव्याचा प्रकाश वाहनचालकाकडेच परत पाठवितात. पाण्याचा थर साचला की त्यांचा प्रभाव कमी होतो, म्हणून पावसाळी रात्री पट्टे दिसेनासे होतात.

पट्ट्यांना कायदेशीर बाजूही आहे. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखालील मानकांनुसार, २५ पर्यंत जागा असलेल्या वाहनतळावर किमान एक जागा अपंग व्यक्तींसाठी राखावी लागते. ती किमान ८ फूट रुंद असावी व तिच्यालगत किमान ५ फूट रुंदीचा, तिरप्या रेघांनी दाखविलेला मोकळा पट्टा असावा. हा पट्टा चाकाच्या खुर्चीला गाडीतून उतरता यावे यासाठी असतो. लेपानंतर तो आखायचा राहिल्यास तेथे दुसरी गाडी उभी राहते आणि राखीव जागा असूनही निरुपयोगी ठरते. निळा रंग सर्वत्र रूढ असला, तरी संघीय मानकांत पट्ट्यांचा रंग ठरवून दिलेला नाही. तो राज्यांच्या नियमांवर अवलंबून असतो.

फिकट रंगाचे लेप

काळा लेप उन्हात अधिक तापतो. त्यामुळे लॉस एंजेलिस व फिनिक्स या शहरांनी फिकट, प्रकाश परावर्तित करणाऱ्या लेपांचे प्रयोग केले. फिनिक्समध्ये २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात भर दुपारी पृष्ठभागाचे तापमान साधारण ६ अंश सेल्सिअसने कमी आढळले. परंतु परावर्तित उष्णता पादचाऱ्याच्या अंगावर येत असल्याने दुपारी त्याला जाणवणारी उष्णता सुमारे ३ अंशांनी वाढली.

भारतातील वापर

भारतात 'सील कोट' या संज्ञेचा अर्थ वेगळा आहे. मोकळ्या रचनेच्या २० मिलिमीटर जाडीच्या कार्पेटमधून पाणी आत जाऊ नये म्हणून त्यावर जो थर देतात, त्याला सील कोट म्हणतात. तो दोन प्रकारांनी देतात: गरम बिटुमेन फवारून त्यावर बारीक खडी पसरणे, किंवा बिटुमेन आधीच मिसळलेली बारीक खडी-वाळू अंथरून रोलर फिरविणे. अमेरिकी अर्थाचा मातीयुक्त पायसाचा लेप येथे रूढ नाही. महाराष्ट्र व गोव्यात ही कामे जूनपूर्वी उरकावी लागतात, कारण पावसाळ्याचे चार महिने डांबरी काम जवळजवळ थांबते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितांपैकी आयआरसी ८२ डांबरी पृष्ठभागांच्या देखभालीविषयी, तर आयआरसी ३५ रस्त्यांवरील पट्ट्यांविषयी आहे.