टायरची नक्षी दिसते, वय दिसत नाही! जुना टायर कसा ओळखायचा?

पालघर / बोईसर : पाऊस ओसरला की आपल्याकडे चार महिने उभ्या असलेल्या गाड्या बाहेर पडतात. गवताच्या गाड्या, वीटभट्टीचे टेम्पो, भाताची ट्रॉली, लग्नसराईसाठी ठेवलेली जुनी जीप. बॅटरी चार्ज करतात, ऑइल बघतात, टायरला हवा मारतात आणि निघतात. टायरचं वय मात्र कोणी बघत नाही. नक्षी चांगली दिसली म्हणजे टायर चांगला, असं आपण धरून चालतो.

मीही तसंच धरलं होतं. तीन वर्षांपूर्वी बोईसरला एक सेकंडहँड पिकअप घेतली. मागच्या टायरची नक्षी अर्ध्याहून जास्त होती, वर काळं पॉलिश मारलेलं. गवत भरून मुंबईच्या तबेल्याला निघालो आणि मासवणच्या पुढे मागचा डावा टायर फुटला. वेग कमी होता आणि समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. टायर उतरवल्यावर पंक्चरवाल्याने बाजूचे चार आकडे दाखवले : ०९१२. म्हणजे टायर २०१२ सालचा. गाडी घेताना मी इंजिन ऐकलं, कागद बघितले, पण खाली वाकून हे चार आकडे वाचले नाहीत. त्या दिवशी हौद्यात गवत होतं. माणसं असती तर?

चार आकडे कसे वाचायचे

टायरच्या बाजूला डी, ओ, टी ही तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे काही अक्षरं-आकडे असतात. त्यातले शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. बऱ्याच टायरवर ते लांबट गोलात असतात. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात, म्हणजे जूनमध्ये तयार झाला.

• तारीख पुष्कळदा एकाच बाजूला असते. बाहेरून दिसली नाही तर गाडीखाली वाकून आतली बाजू बघा. मोबाईलचा टॉर्च लावून फोटो काढा आणि मोठा करून वाचा.
• चारऐवजी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. ट्रॉलीला असे टायर दिसले तर विचारच करू नका, काढा.
• आकडे घासलेले असतील तर वय लपवलंय असंच समजा.
• रिमोल्ड टायरवर नवं रबर चढवलेलं असतं, पण आतला सांगाडा जुनाच. वय सांगाड्याचं धरायचं.

उभी गाडी जास्त धोक्याची

एमआयडीसीत रोज धावणाऱ्या टेम्पोची नक्षी दोन-तीन वर्षांत संपते आणि मालक टायर बदलतो. तिथे टायर म्हातारा व्हायच्या आधीच झिजून जातो. आपल्या गवताच्या गाडीचं, ट्रॉलीचं उलटं आहे. वर्षातून चार-पाच महिने चालते, नक्षी तशीच राहते आणि आतलं रबर मात्र म्हातारं होत जातं.

कारण सोपं आहे. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी रबर हळूहळू कडक होतं. त्यापासून वाचवायला कंपनी रबरात काही रसायनं मिसळते. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी एकाच जागी उभी राहिली की ती नीट वर येत नाहीत, आणि बारीक भेगा पडायला लागतात. त्यात एकाच ठिकाणी वजन आणि कमी झालेली हवा, म्हणजे टायर खालून चपटा होतो. भेगेतून पाणी आत गेलं की रेडियल टायरमधल्या स्टीलच्या तारा गंजतात. सातपाटी, डहाणूकडे खाऱ्या हवेत आणि मासळीच्या पाण्यात रिम आणि व्हॉल्व्हही लवकर खराब होतात.

परदेशातही हे जीव गेल्यावरच कळलं. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये तरुणांना घेऊन येणाऱ्या एका बसचा पुढचा टायर फुटला आणि तिघं गेले. टायर १९ वर्षांचा होता. त्यात मुलगा गमावलेल्या फ्रान्सिस मोलॉय या आईने अनेक वर्षं पाठपुरावा केला. शेवटी १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना १० वर्षांपेक्षा जुना टायर लावायला बंदी आली.

किती वर्षांनी बदलायचा?

• ५ वर्षांपर्यंत : नेहमीची तपासणी. भेगा नाहीत, फुगा नाही, नक्षी आहे, तर चालवा.
• ५ वर्षांनंतर : वर्षातून एकदा टायर उतरवून, आतून-बाहेरून जाणकाराकडून बघून घ्या.
• ६ वर्षांनंतर : काही गाडी कंपन्या इथेच बदलायला सांगतात. माणसं नेणारी किंवा हायवेला जाणारी गाडी असेल तर हीच मर्यादा धरा.
• १० वर्षांनंतर : नक्षी नव्यासारखी असली तरी काढा. स्टेपनीलाही हाच नियम.

वयाची मोजणी बिलाच्या तारखेपासून नाही, टायरवरच्या तारखेपासून सुरक्षित.

दहा मिनिटांत तपासणी

आधी टायर पाण्याने धुवा. पॉलिश आणि चिखलाखाली भेगा लपतात.

१. नक्षीच्या खाचेत आडव्या छोट्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कार-जीपला ही खूण १.६ मिलीमीटरची असते.
२. बाजूला आणि नक्षीच्या खाचेत भेगा बघा. केसासारख्या वरवरच्या असतील तर लक्ष ठेवा. नख अडकतंय, आतली दोरी किंवा तार दिसतेय, तर बदला.
३. बाजूला हात फिरवा. फुगा किंवा टेंगूळ लागलं तर आतली दोरी तुटलेली आहे. असा टायर घरापर्यंतही नेऊ नका, जागेवरच स्टेपनी लावा.
४. नक्षी एकाच कडेला झिजलीय का? अलाइनमेंट बिघडलंय. मधेच झिजलीय तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्यात तर हवा कमी किंवा लोड जास्त.
५. मागे जोडटायर असतील तर आतला टायर नक्की बघा. एक नवा आणि एक जुना लावला तर नव्यावर जास्त वजन येतं.
६. ट्यूबचा टायर असेल तर ट्यूब आणि फ्लॅपही बघा. नव्या टायरमध्ये जुनी कडक ट्यूब घालू नका.
७. हवा टायर थंड असताना मोजा. आकडा गाडीच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतो. अंदाजाने लाथ मारून हवा कळत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९४ प्रमाणे टायर सुस्थितीत असणं बंधनकारक आहे. आतली दोरी उघडी पडलेला किंवा फुगलेला टायर नियमात बसत नाही.

सेकंडहँड टायर घेताना

पैसे वाचवायला आपण जुना टायर घेतो, त्यात लाज नाही. पण आधी तारीख वाचा. खाचा हाताने कोरून खोल केल्यात का बघा, कडा ओबडधोबड दिसतात. टायर आतूनही बघा. मोठा पॅच, सुरकुत्या किंवा काळी रबराची पूड असेल तर तो कमी हवेत चाललेला आहे. ट्रकचे उतरवलेले टायर ट्रॉलीला लावायची आपल्याकडे पद्धत आहे, त्यांची तारीख तर आधी बघा. नवा टायर घेतानाही तारीख विचारा, आयएसआय खूण बघा आणि पक्कं बिल घ्या.

गाडी पावसाळ्यात उभी ठेवताना

हवा पूर्ण भरून ठेवा. गाडी ओल्या मातीत नको, फळ्यांवर किंवा कोब्यावर उभी करा. टायरवर ऊन येत असेल तर गोणपाट टाका. डिझेल-ऑइल सांडलेली जागा टाळा. महिन्यातून एकदा गाडी थोडी फिरवा. जास्त दिवस ठेवायची असेल तर ठोकळे लावून चाकं उचलून ठेवा.

टायर फुटलाच तर

ब्रेक जोरात दाबू नका, गाडी फिरते. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलेटर हळू सोडा, गाडी आपोआप मंदावली की इंडिकेटर देऊन डाव्या बाजूला घ्या. मनोर-चारोटीच्या हायवेवर चाक बदलताना माणसांना रस्त्यापासून लांब उभं करा.

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबं मुलाबाळांसह भट्ट्यांवर निघतात. मालाच्या गाडीत माणसं बसवणं बेकायदाच आहे, तरी अशा गाड्या भरून जाताना आपण सगळे बघतो. गाडी कोणाचीही असो, बसायच्या आधी चार आकडे वाचा. मोबाईल तर हातातच आहे. आकडे जुने निघाले तर खाली उतरा, आणि मालकालाही दाखवा.