दोन भाऊ, एक पंगत आणि जालन्याबाहेरचं बेथेल

नमस्कार मंडळी! आपला प्रत्येक भाग याच शब्दाने सुरू होतो. आज मात्र या शब्दापाशीच जरा थांबायचंय. मराठी ख्रिस्ती घरांत 'मंडळी' म्हणजे चर्चची इमारत नव्हे. तिथे एकत्र उपासना करणारी, एकमेकांच्या सुखदुःखाला धावणारी माणसं म्हणजे मंडळी. आजची गोष्ट अशाच एका मंडळीची.

परभणी स्टेशनवरून मनमाडकडे जाणारी गाडी पकडा. मानवत रोड, सेलू, परतूर आणि मग जालना. 1981 साली जालना जिल्हा वेगळा झाला. तोवर परतूर आपल्या परभणी जिल्ह्यातच होतं. म्हणजे गोष्ट अगदी शेजारची आहे. जालना शहराच्या बाहेर एकोणिसाव्या शतकात एक गाव वसवलं गेलं, बेथेल. ते वसवणारा माणूस जन्माने ब्राह्मण होता, नारायण शेषाद्री.

पण सुरुवात होते मुंबईत, 1843 साली.

त्या वर्षी मे महिन्यात तिकडे स्कॉटलंडमध्ये मोठी फूट पडली. मंडळीने आपला पाळक स्वतः निवडायचा, की गावच्या जमीनदाराने तो लादायचा, हा वाद होता. शेकडो पाळक सरकारमान्य चर्चमधून बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च' काढलं. मुंबईतले डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी मिशनरीही या नव्या चर्चकडे गेले. त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या नारायणने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाप्तिस्मा घेतला.

नारायणचा धाकटा भाऊ श्रीपत. वय साधारण बारा वर्षं. तोही मिशनरींकडे राहायला गेला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलाला वडिलांच्या ताब्यात दिलं. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तो फक्त मिशनरींकडे राहिला होता, जेवला होता. पण तेवढ्यानेच प्रश्न उभा राहिला, हा मुलगा बाटला का? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त द्या आणि परत घ्या. सनातनी मंडळी भडकली आणि खुद्द बाळशास्त्रींनाही विरोधाची झळ सोसावी लागली. श्रीपत शेषाद्री प्रकरण म्हणून हे आपल्याकडे इतिहासात शिकवलं जातं. मोठा भाऊ मात्र त्या गोष्टीत लवकर दिसेनासा होतो. आपण त्याच्या मागे जाऊया.

1854 मध्ये नारायण शेषाद्रींना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे त्यांनी कामासाठी जालना निवडलं. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि तिथे मोठी लष्करी छावणी होती.

आता हे 'प्रेस्बिटेरियन' काय प्रकरण आहे? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वडीलधारा. या पंथात बिशप नसतो. मंडळी आपल्यातूनच काही जणांना 'वडील' म्हणून निवडते आणि ते पाळकाबरोबर बसून कारभार बघतात. शिकवण असो, शिस्त असो, कुणाला सभासद करून घ्यायचं हा प्रश्न असो, सगळं पंचांसारखं एकत्र बसून ठरतं.

कागदावर वाचलं तर ठीक वाटतं. पण हे मराठवाड्यातल्या गावात आणून बघा. जालन्याच्या परिसरात या मंडळीत आलेले लोक बहुतेक दलित, त्यातही मातंग समाजातले जास्त. दोर वळायचे, हलगी वाजवायची, गावकीची कामं करायची आणि सुगीला बलुतं मागायचं, असं त्यांचं जगणं होतं. पंचायतीत बसायचा प्रश्नच नव्हता, विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. आणि इथे त्यांनाच कुणीतरी म्हणत होतं, 'वडील' म्हणून बसा.

श्रीपतला परत आत घ्यायचं की नाही, यावर शास्त्री-पंडित भांडले. मांगवाड्यातल्या माणसांना आत घ्यावं का, असा वाद कुणी घातलाच नव्हता. मला वाटतं, या गोष्टीचा खरा सांधा इथे आहे. जेवणाच्या पंगतीवरून ज्याचं घर तुटलं, तोच माणूस प्रभुभोजनात या लोकांबरोबर एका भाकरीला बसला.

पण धर्म बदलला म्हणजे पोट भरतं असं नाही. गावकी सुटली की बलुतं धोक्यात, राहती जागाही धोक्यात. म्हणून जमीन हवी होती. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून ती मिळाली आणि बेथेल उभं राहिलं. तिथे घरं होती, शाळा होती, विहीर होती, चर्च होतं. एका ब्राह्मण ख्रिस्ती माणसाला मुसलमान दिवाणाने दिलेली जागा, त्यावर मातंगांची घरं आणि पैसा स्कॉटलंडचा. मराठवाडा असा आहे, राव!

नावही बघा. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेत 'देवाचं घर'. बायबलमध्ये भावाच्या रागापासून पळालेला याकोब उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपतो. तिथे त्याला स्वप्न पडतं आणि त्या जागेला तो हे नाव देतो. घर सुटलेल्या माणसाने गावाला हे नाव द्यावं, यात नवल नाही.

1873 साली नारायण शेषाद्री न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत बोलले. विवेकानंद शिकागोला गेले, त्याच्या वीस वर्षं आधी.

सगळं गोड होतं का? नाही. वेगळं गाव वसलं की मूळ गावातली भिंत तशीच राहते. मांगवाडा शिवेबाहेर होता, बेथेलही शहराबाहेरच. आणि जमीन, पैसा, वजन या सगळ्याचा भार एका माणसाच्या खांद्यावर होता. 1891 मध्ये ते वारले.

पुढे पाट्या बदलत गेल्या. स्कॉटलंडमध्ये फ्री चर्च 1900 साली दुसऱ्या चर्चमध्ये मिसळलं आणि 1929 मध्ये त्यातले बहुतेक पुन्हा जुन्या चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये गेले. भारतात 1924 ला युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि त्यात बिशपही आले. 'प्रेस्बिटेरियन' हा शब्द पाटीवरून गेला, पण मंडळी राहिली.

जातही राहिली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. धर्म बदलल्याने जात जाते, असं कायदा धरून चालतो. गावात काय होतं, ते तुम्ही आम्ही बघतोच.

1843 मध्ये प्रश्न होता, कोण कुणाबरोबर जेवला. पुढच्या वेळी जालना स्टेशन आलं की खिडकीतून बाहेर बघा. आणि घरी गेल्यावर आजीला विचारा, आपल्या गावात कोणती विहीर कुणाची होती. उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.

येतो मंडळी!