लीला राव यांचं रेटिंग

१५ जुलै २०२३, शनिवार. विम्बल्डनच्या महिला एकेरीची फायनल आपल्या वेळेनुसार संध्याकाळी साडेसहाला होती आणि मी काशीदला आत्याच्या घरी होते. काशीद म्हटलं की लोकांना पांढरी वाळू आणि सुरूची झाडं आठवतात (त्यातली बरीच २०२०च्या निसर्ग वादळात आडवी झाली). जुलैतलं काशीद मात्र वेगळं. समुद्र गढूळ, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही, लाइटचा भरवसा नाही. आत्याच्या पडवीत एका ठरावीक खांबाला टेकलं तरच फोनला रेंज येते. तिथे बसून मी माझ्या मॉडेलचं उत्तर पाहत होते : ओन्स जाबर जिंकणार.

मॉडेल म्हणजे फार काही नाही. ऑफिसच्या ग्रुपवर पैज लागली, म्हणून दोन वीकेंडमध्ये लिहिलेला कोड. आत एलो पद्धत. अर्पाद एलो हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी ती बुद्धिबळासाठी बसवली होती. प्रत्येक खेळाडूला एक आकडा. दोघींत १०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडू जिंकण्याची शक्यता साधारण ६४ टक्के, ४०० चा असेल तर ९१ च्या आसपास. जिंकलीस की समोरचीचे थोडे गुण घे, हरलीस की दे. त्यात मी थोडं अधिकृत रँकिंगही मिसळलं होतं.

आत्या चहा घेऊन आली. "आपलं कोण आहे गं यात?"

"कुणी नाही. सानिया फेब्रुवारीत रिटायर झाली."

"आणि तिच्याआधी?"

मी मॅच बघण्यात गुंतल्याचं दाखवलं.

मार्केता वोंद्रुशोव्हा ६-४, ६-४ अशी जिंकली. रँकिंग ४२, मानांकन नाही. मानांकनाशिवाय विम्बल्डन जिंकणारी ती पहिली महिला. ग्रुपवर माझी यथेच्छ टिंगल झाली. पण ही बाई २०१९ ला फ्रेंच ओपनच्या फायनलला पोचली होती, टोकियो ऑलिम्पिकचं रौप्यपदक तिच्याकडे होतं. मधे मनगटाच्या दुखापतीने ती बरेच महिने बाहेर होती, आणि रँकिंग फक्त मागच्या ५२ आठवड्यांचं धरतात. म्हणजे तो ४२ आकडा तिच्या खेळाचा नव्हताच, गैरहजेरीचा होता. मी तो खेळाचा समजून कोडमध्ये घातला.

रात्री पाऊस वाढला. झोप येईना, म्हणून आत्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला घेतलं. सानियाने विम्बल्डनच्या एकेरीत मुख्य स्पर्धेतली पहिली मॅच जिंकली २००५ मध्ये. तिच्याआधी हे करणारी भारतीय महिला होती लीला राव, आणि ते साल १९३४. मधे ७१ वर्षं.

मला धक्का बसला तो घराण्याचा. लीलाची आई म्हणजे पंडिता क्षमा राव. पुण्यात १८९० साली जन्म, वडील शंकर पांडुरंग पंडित, ज्यांनी तुकारामांची गाथा संपादित केली. क्षमाबाई स्वतः टेनिस खेळायच्या आणि संस्कृतात लिहायच्या. त्यांची 'सत्याग्रहगीता' १९३२ मध्ये पॅरिसमध्ये छापली गेली. गांधींच्या चळवळीवर, संस्कृत श्लोकांत! शाळेत आम्हाला तुकाराम होते, गांधी होते, ही मायलेकींची जोडी कुठेच नव्हती.

१९३४ पर्यंत विम्बल्डनमध्येही भाकीत चालूच होतं, फक्त कॉम्प्युटरशिवाय. १९२७ पासून तिथे खेळ बघून मानांकन देत. त्याआधी सगळा चिठ्ठ्यांचा खेळ. दोन तगड्या खेळाडू पहिल्याच फेरीत समोरासमोर यायच्या. मानांकन म्हणजे आयोजकांनी स्पर्धेआधी केलेला अंदाजच, आणि त्या वर्षी तो चांगलाच बरोबर आला : पहिल्या मानांकनाची हेलन जेकब्ज आणि दुसऱ्या मानांकनाची डोरोथी राउंड फायनलला, राउंड विजेती.

ड्रॉच्या खालच्या भागात मात्र कुणाचाच अंदाज नसतो. तिथे लीला राव होती. मी हट्टाने तिला माझ्या कोडमध्ये घातलं. तारीख, फेरी, प्रतिस्पर्धी ग्लॅडिस साउथवेल. रन केलं. उत्तर : ५० टक्के. कारण माझ्या डेटाची सुरुवातच १९६८ पासून, आणि नवख्या खेळाडूला कोड आपोआप १५०० देतो. दोघीही नवख्या, दोघीही १५००. लीला जिंकली, १६ गुण मिळाले.

१५०० हा आकडा दिसतो एखाद्या मापासारखा. खरं म्हणजे तो 'माहीत नाही' असं अंकात लिहिलेलं असतं.

आणि मागचा डेटा भरला असता तरी अडचण होतीच. लीला रावने अखिल भारतीय स्पर्धा अनेकदा जिंकली, पण देशातल्या खेळाडू एकमेकींशीच खेळत राहिल्या की गुण त्यांच्यातच फिरतात. काशीदच्या पोरांनी आपापसात शंभर मॅच जिंकल्या तरी बोर्लीच्या टीमपुढे काय होईल ते कळत नाही. एकदा तरी बोर्लीला जाऊन खेळावं लागतं. लीलाची बोर्ली इंग्लंडात होती, दोन-तीन आठवडे बोटीने. हा खर्च किती जणींना जमणार? तिचे वडील मुंबईतले नावाजलेले डॉक्टर होते. ज्या गेल्याच नाहीत त्यांना माझा कोड १५०० सुद्धा देत नाही, त्यांची ओळच नसते.

दुसऱ्या फेरीत लीला फ्रान्सच्या इडा अदामोफकडून हरली. पुढच्या वर्षी पुन्हा गेली, पहिल्याच फेरीत एव्हलिन डिअरमनकडून हरली. नंतर लग्न, लीला राव दयाळ हे नाव, नृत्यावरची पुस्तकं, आईच्या साहित्याचं काम.

सकाळी आत्या ओटीवर सुकट निवडत होती. तिला सगळं सांगितलं.

"आई पण टेनिस खेळायची?"

"हो."

"आणि संस्कृतात पुस्तकं लिहायची?"

"हो."

आत्याने सूप झटकलं. "आणि तुला दोन दिवसांत अंगण झाडायला सुचलं नाही."