खारट घामाचे कोडे : सिस्टिक फायब्रोसिसच्या संशोधनाचा इतिहास

ज्या बाळाच्या कपाळाचा मुका घेतल्यास ओठांना खारट चव लागते ते बाळ फार काळ जगत नाही, अशी समजूत युरोपात जुन्या काळापासून प्रचलित होती. तिच्यामागील कारण मात्र विसाव्या शतकातच उलगडले.

१९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी सिस्टिक फायब्रोसिस या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन केले. या आनुवंशिक रोगात स्वादुपिंडाच्या व श्वसनाच्या नलिका चिकट स्रावाने तुंबतात. त्यामुळे त्या काळी अनेक मुले बालपणीच दगावत. साहजिकच हा मूलतः श्लेष्म्याचा विकार मानला गेला.

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उष्म्याने गलितगात्र होऊन रुग्णालयात आलेल्या मुलांत या रोगाची मुले विशेष आढळली. डॉ. पॉल दि सांताग्नेसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचा घाम तपासला. त्यात मीठ नेहमीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. या घर्मग्रंथींत दाट श्लेष्मा तुंबत नाही. म्हणजे दोषाचे मूळ अन्यत्र होते.

घर्मग्रंथीच्या तळाशी वेटोळे असते व तेथून नलिका त्वचेपर्यंत जाते. वेटोळ्यात तयार होणारा घाम रक्तद्रवाइतकाच खारट असतो. तो वर येत असता नलिकेच्या पेशी त्यातील सोडियम व क्लोराइड परत शोषून घेतात. १९८३ मध्ये डॉ. पॉल क्विंटन यांनी दाखविले की, रुग्णांच्या नलिकापेशींतून क्लोराइड आत जाऊच शकत नाही. परिणामी सोडियमही घामातच अडकते. क्विंटन स्वतः याच रोगाचे रुग्ण होते, हे येथे उल्लेखनीय आहे.

फुफ्फुसे व स्वादुपिंड या रोगात झिजून जातात, म्हणून तेथे मूळ दोष कोणता व परिणाम कोणता हे ओळखणे अवघड असते. घर्मग्रंथीची रचना मात्र शाबूत राहते. १९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन व फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावरील सदोष जनुक शोधले, तेव्हाही घर्मग्रंथीच्या पेशी उपयोगी पडल्या. हे जनुक क्लोराइडला वाट देणारे प्रथिन घडविते.

२०१२ मध्ये या प्रथिनावरच कार्य करणारे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. त्याचा परिणाम घामातील क्लोराइड घटण्यावरूनही मोजला गेला. आजही घामात लिटरमागे ६० मिलिमोल वा अधिक क्लोराइड आढळणे हा निदानाचा प्रमुख आधार आहे. जो खारटपणा एकेकाळी केवळ मृत्यूची खूण होता, तोच अशा रीतीने उपचाराचा मापदंड ठरला.