तंजावरची मजुरी

तंजावर म्हटले की मराठी मनास व्यंकोजीराजे आठवतात, दुसऱ्या सरफोजींच्या काळी वैभवास पोचलेले सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. कावेरीच्या भातखाचरांत राबणाऱ्या माणसाची आठवण मात्र क्वचितच होते. वस्तुतः मजुरी कशाने ठरते, या प्रश्नाचे उत्तर याच खाचरांत दडलेले आहे. पीक उदंड आणि ते पिकवणारा अर्धपोटी, ही या सुपीक मुलखाची जुनी विसंगती होय.

1855 मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले आणि दरबारी मराठी घराण्यांचा आधार तुटला. त्यांच्यापाशी विद्या मात्र उरली होती. कुंभकोणम येथे 1828 मध्ये जन्मलेले टी. माधवराव मद्रासेत इंग्रजी शिकले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. शिकलेल्यास एक दरबार मिटला तरी दुसरा उघडा होता.

शेतावरच्या पण्णैयाळाची गोष्ट निराळी. तो जमीनदाराशी पिढ्यानुपिढ्या बांधलेला गडी. बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातींतला, म्हणून शाळेस पारखा. 1843 च्या कायद्याने गुलामगिरीची मान्यता काढून घेतली, तरी कर्जाची बेडी पायात राहिलीच. त्याच्यासारख्यांना एक वाट होती, ती नागपट्टणम बंदराची. तेथून माणसे मलायाच्या मळ्यांवर जात. तेथील कष्ट जीवघेणे होते. तथापि गडी निघून जाऊ शकतो, एवढी जाणीव मालकास होई. 1938 मध्ये हिंदुस्थान सरकारने मलायासाठी होणारी मजूरभरती थांबविली आणि ही वाटही अरुंद झाली.

मग मागे राहिलेल्यांनी संघटनेचा आश्रय केला. 1943 च्या सुमारास किसान सभेचे बी. श्रीनिवासराव तंजावरात आले. मजुरीच्या मागणीबरोबरच चाबकाचे फटके आणि शेणाचे पाणी पाजण्याची शिक्षा बंद व्हावी, हीही मागणी उठली. 1952 मध्ये राजाजींच्या सरकारने पण्णैयाळांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यावर अनेक जमीनदारांनी कायमचे गडी सोडून रोजंदारीचे मजूर लावले. कायद्याने बेडी तुटली, पण तिच्याबरोबर कामाची हमीही गेली.

संघटनेची किंमत फार मोठी पडली. 25 डिसेंबर 1968 रोजी, भाताच्या वाढीव मजुरीच्या तंट्यात, कीळवेण्मणी गावी एका झोपडीत आश्रय घेतलेली 44 माणसे जाळण्यात आली. ती दलित मजूर कुटुंबांतली होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. पुढच्याच वर्षी, 1969 मध्ये, पूर्व तंजावरच्या शेतमजुरांसाठी रास्त मजुरीचा कायदा झाला.

विद्या, स्थलांतर आणि संघटना या तिन्हींचे मर्म एकच आहे. पडत्या दरास 'नाही' म्हणण्याचे बळ त्या माणसास देतात. माधवरावांना ते बळ पुस्तकांतून लाभले. कीळवेण्मणीच्या मजुरांना त्यासाठी आपली माणसे गमवावी लागली. पिकाच्या राशीतून मजुरी आपोआप वाढत नाही, हे कावेरीच्या तीराने पुरते पाहिले आहे.